जुन्या मोटारीचे पांघरूण

वैद्यकीय व्यवसाय आणि मोटारगाडी यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. रुग्णवाहिका हा शब्द जिल्ह्याच्या ठिकाणीही क्वचितच कानी पडे, त्या काळात डॉक्टरांची मोटार हीच गावाची रुग्णवाहिका असे. बालाघाटहून गोंदिया चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, आणि नागपूर तर त्याच्याही कितीतरी पुढे. अशा गावी डॉक्टरांच्या दारात एखादी फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडर उभी असणे ही चैन नव्हती. ती व्यवसायाची गरज होती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या पिढीची एखादी गाडी आजही पोर्चमध्ये, वाड्याच्या पडवीत किंवा दवाखान्यामागील शेडमध्ये उभी आहे. ती रोज चालवली जात नाही, विकण्याचा धीर होत नाही, आणि पावसाळ्यात तिला कशाने झाकावे हा प्रश्न दर वर्षी मृगाच्या तोंडावर पुन्हा उभा राहतो. वैद्यकमित्रांनो, वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाचा विचार आपल्याच शास्त्राच्या आधारे केला, तर त्याचे उत्तर बाजारातील जाहिरातींपेक्षा अधिक विश्वासार्ह मिळते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या घरी १९६९ सालची फियाट आहे. माझे वडील याच गावात वैद्यकीय व्यवसाय करीत. मागील दाराच्या वर कोट अडकवण्याची जी आकडी असते, तिला सलाइनची बाटली टांगून त्यांनी अनेक रुग्णांना गोंदिया-नागपूरला पोचवले. त्या मागच्या आसनाचे रेक्झिन आजही मूळचेच आहे. वडील आता नाहीत. ऐंशी ओलांडलेली आई मात्र त्या आसनावरून कोण कोण बरे होऊन परतले आणि कोण परतले नाही, हे नावांनिशी सांगू शकते. नवा रंग कोणताही कारागीर चढवील. पण वडिलांच्या हातांनी झिजलेले दार एकदा गंजून गेले, तर ते परत आणता येणार नाही. म्हणून ही गाडी आहे तशी टिकवणे, हा आम्हा भावंडांचा एकमताचा निर्णय आहे.

या गाडीचे मूल्य केवळ कौटुंबिक नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याने या गाड्या तयार होत. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने आलेली गाडीच पुढे १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. त्या टॅक्सींपैकी शेवटच्या गाडीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निघून गेली. रस्त्यावरून नाहीशी झालेली गाडी आता जिथे कुठे आहे, तिथे ती कोणाच्या तरी घरच्या आच्छादनाखालीच टिकायची आहे.

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. केंद्र शासनाने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क ठरले, आणि आधीपासून नोंदलेल्या वाहनास आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. येथे महत्त्वाचे शब्द आहेत ते ‘मूळ स्वरूपात’. निम्मा पत्रा कापून नवा जोडलेल्या गाडीला ते स्वरूप उरत नाही. म्हणजेच गंज आटोक्यात ठेवणे हा आता भावनेबरोबरच कागदपत्रांचाही प्रश्न झाला आहे.

शत्रू कोण?

गाडी झाकायची म्हटले की, आपल्या डोळ्यांसमोर प्रथम धूळ येते. भरवेलीच्या मॅंगनीज खाणीच्या परिसरात राहणाऱ्यांना ही धूळ परकी नाही. परंतु धूळ रंगाला ओरखडे पाडते. पत्रा खात नाही. पत्रा खाते ती ओल. लोखंड, प्राणवायू आणि पाणी हे तिघे एकत्र आले की गंज चढतो. त्यातील पहिल्या दोहोंना आपण दूर करू शकत नाही. हातात उरते ते केवळ पाणी. आणि हे पाणी नेहमी आकाशातूनच पडते असे नाही.

श्रावणातील एखाद्या रात्री हवेचे तापमान २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे, असे समजा. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. म्हणजे गाडीचा पत्रा हवेपेक्षा अवघ्या दोन अंशांनी थंड झाला, तरी त्यावर दव जमू लागते. वैनगंगेच्या काठच्या आपल्या गावात पहाटे ही स्थिती वरचेवर येते. हे दव आच्छादनाच्या वर जमते तसे आच्छादनाच्या आतही जमते, कारण आतील हवा तीच असते. उघड्या गाडीवरचे दव उन्हे वर आली की उडून जाते. आच्छादनाखालच्या दवाला मात्र बाहेर जाण्याची वाट असेल तरच ते जाते.

याच ठिकाणी ताडपत्रीचा आणि पॉलिथीनचा विचार बाद होतो. मला माझ्या नवजात शिशू विभागाचेच उदाहरण द्यावेसे वाटते. ३२ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण जन्मताच मानेपर्यंत स्वच्छ पॉलिथीनच्या पिशवीत ठेवतो. का? कारण त्याच्या नाजूक त्वचेवरील ओल उडून जाऊ नये आणि बाष्पीभवनाबरोबर त्याची ऊब निघून जाऊ नये. पॉलिथीन ओल धरून ठेवते, म्हणून ते त्या बाळाचे प्राण वाचवते. आणि नेमक्या त्याच गुणामुळे ते जुन्या मोटारीचा प्राण घेते. प्लॅस्टिकची चड्डी घातलेल्या तान्ह्या बाळाच्या मांड्यांवर चार तासांत जे लाल चट्टे उठतात, तेच चार महिन्यांत दाराच्या खालच्या कडेवर तांबूस फोडांच्या रूपाने उठतात. पूर्वीच्या बायका सुती लंगोट वापरून वारंवार बदलत असत, त्यामागचे शास्त्र मोटारीलाही लागू आहे.

एका स्नेह्यांच्या वाड्यात अशीच एक गाडी दोन पावसाळे ताडपत्रीखाली करकचून बांधलेली होती. छपरावर एक थेंबही पडला नव्हता. ताडपत्री काढली तेव्हा वरून गाडी लख्ख दिसली; पण दाराच्या खालच्या कडेला बोट लावताच ते आत गेले. पायाखालचा पत्राही चाळणीसारखा झाला होता. आपल्या भाषेत ‘पांघरूण घालणे’ याचा दुसरा अर्थ दोष लपवणे असा आहे. चुकीचे आच्छादन अगदी तेच करते.

कापडाची परीक्षा

मग कोणते कापड घ्यावे? बाजारात ढोबळमानाने चार प्रकार मिळतात.

पहिला प्रकार सुती फ्लॅनेलचा. ते मऊ असते, हवा खेळू देते आणि रंगाला इजा करीत नाही. मात्र पाणी ते पिऊन घेते. म्हणून ते फक्त बंद गॅरेजमध्येच वापरावे. दुसरा प्रकार चंदेरी लेपाच्या पातळ पॉलिएस्टरचा. तो स्वस्त, घडी करण्यास सोपा आणि उन्हापासून बऱ्यापैकी संरक्षण देणारा; परंतु लेप जितका जाड, तितका तो पॉलिथीनच्या स्वभावाचा होतो. तिसरा प्रकार न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा. शस्त्रक्रियेच्या वेळी आपण जो मास्क व जो गाऊन वापरतो, त्याचे हे सख्खे भावंड. बाहेरच्या दोन थरांनी बळकटी यायची आणि मधल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या थराने गाळायचे, ही रचना दोहोंत एकच. ते वाफ जाऊ देते, धूळ अडवते आणि हलका पाऊस थोपवते. परंतु सततच्या उन्हात त्याचे आयुष्य घटते, तंतू सुटून त्याचा चुरा होऊ लागतो.

चौथा प्रकार सूक्ष्मरंध्री पडद्याचा. येथे दोन कापडांच्या मध्ये एक अत्यंत पातळ सच्छिद्र पडदा असतो. पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे त्या छिद्रांतून शिरू शकत नाही, वाफेचे सुटे रेणू मात्र सहज बाहेर पडतात. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी पीटीएफई हे द्रव्य झटक्याने ताणून त्याचे सच्छिद्र रूप सिद्ध केले. त्याच द्रव्याच्या कृत्रिम रक्तवाहिन्या आपले शल्यचिकित्सक वापरतात. मोटारीच्या आच्छादनातील पडदा बहुधा त्याहून स्वस्त द्रव्याचा असतो, पण तत्त्व एकच: थेंब आत नाही, वाफ बाहेर.

दुकानदार प्रत्येक कापडाला ‘वॉटरप्रूफ’ही म्हणतो आणि ‘हवा खेळती राहते’ असेही सांगतो. त्याच्या शब्दावर विसंबण्याऐवजी एक साधी परीक्षा घरी करता येते. नमुन्याचा तुकडा मागून आणावा. पेल्यात अर्ध्यापर्यंत कढत पाणी घेऊन तोंडावर कापड ताणून बांधावे आणि त्यावर थंड स्टीलची ताटली ठेवावी. दोन-तीन मिनिटांनी ताटलीचा तळ धूसर, ओलसर झाला, तर कापड वाफ सोडते. ताटली कोरडी आणि कापडाच्या आतील बाजूवर थेंब, तर ते कापड दुकानदारालाच परत द्यावे. कापडावर तोंडाने फुंकर मारून पाहण्याची पद्धत येथे उपयोगाची नाही. कारण सूक्ष्मरंध्री पडद्यातून वाफ जाते, फुंकर जात नाही. दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा ओला रुमाल कापडाच्या आतील बाजूवर जोराने घासावा. रुमालावर रंग उतरला, तर तो उद्या गाडीवरही उतरेल. जुन्या गाड्यांच्या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक लेप नसे, हे ध्यानात ठेवावे.

जागेप्रमाणे आच्छादन

औषध जसे रुग्ण पाहून, तसे आच्छादन जागा पाहून ठरवावे. चारही बाजूंनी बंद, कोरड्या गॅरेजमध्ये सुती फ्लॅनेल सर्वोत्तम. तेथे जलरोधक कापड घेणे म्हणजे विषाणूजन्य सर्दीला प्रतिजैविक देण्यासारखे आहे: लाभ नाही, अपाय मात्र होऊ शकतो. वर छप्पर आणि बाजू मोकळ्या असलेल्या पोर्चमध्ये, जिथे पावसाची झड येते, तिथे न विणलेले बहुथरी कापड पुरेसे होते. पूर्ण उघड्यावर गाडी ठेवावी लागत असेल, तर सूक्ष्मरंध्री पडद्याचे कापड घ्यावे, आतून मऊ अस्तर असावे. खरे तर त्याहीपूर्वी वर चार खांबांवर पत्र्याची शेड घालावी. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरहून बराच अधिक पाऊस पडतो; तो सगळा एका कापडाने सोसावा, ही अपेक्षाच रास्त नाही.

आमची फियाट पोर्चमध्ये उभी असते. झड फक्त पश्चिमेकडून येते. म्हणून आम्ही बहुथरी न विणलेले कापड निवडले, आणि पश्चिमेच्या बाजूला पोर्चलाच बांबूचा पडदा लावला. झडीचा मार पडद्याने घ्यावा, दव आणि धूळ कापडाने सांभाळावी, अशी कामाची वाटणी केली.

माप आणि शिलाई

तयार खोळी आजच्या गोलाकार, शेपटीविरहित गाड्यांच्या मापाच्या असतात. फियाट सुमारे ३.९ मीटर लांब, जवळजवळ दीड मीटर रुंद आणि तितकीच उंच, त्यात पुढे बॉनेट, मागे उठावदार डिकी. तयार खोळ तिला कुठे तंग बसते, कुठे झोळ देते. तंग खोळ बंपरच्या टोकांवर फाटते. झोळ अधिक घातक: वाऱ्याने ती फडफडते, तिच्याखाली अडकलेली धूळ पॉलिश कागदासारखी रंग घासते. तंबोऱ्याची गवसणी जशी तंबोऱ्याच्याच अंगाची शिवतात, तशी मोटारीची खोळ तिच्याच अंगाची शिवून घ्यावी. सीटकव्हर शिवणारे कारागीर हे काम उत्तम करतात.

शिवणी शक्यतो छपराच्या मधोमध येऊ नयेत, कारण सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपते. आरशांच्या जागी कापडाच्या पिशव्या ठेवाव्यात. धातूची कडी, बक्कल किंवा साखळी आतील बाजूस नको. खालची कड जमिनीपर्यंत नेऊ नये. वीतभर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे खालून हवा शिरते. गाडीच्या पोटाखालून एक पट्टा बांधला की, वावटळीतही खोळ जागची हलत नाही.

झाकण्यापूर्वी आणि झाकल्यावर

जखम स्वच्छ न करता ड्रेसिंग करणारा डॉक्टर आपल्याला चालणार नाही. तोच नियम येथे आहे. झाकण्यापूर्वी गाडी धुवावी आणि मग पूर्ण एक दिवस दारे, डिकी व बॉनेट उघडून उन्हात वाळवावी. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात. ती काडीने मोकळी करावीत. पायाखालची रबरी चटई काढून ठेवावी, कारण पहिली ओल तिच्याखालीच साचते. ओल्या गाडीवर सर्वोत्तम खोळ घालण्यापेक्षा कोरडी गाडी नुसत्या छपराखाली उघडी ठेवणे केव्हाही श्रेयस्कर.

झाकल्यानंतर आठवड्यातून एकदा, उघडीप पाहून, खोळ काढून वाळवावी. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी होते. आई पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसते आणि मी दारांच्या कडा हाताने चाचपून पाहतो. दर दसऱ्याला, पूजेपूर्वी, खोळ धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवतो. गाडीला वर्षभर खोळीत बांधून ठेवण्याची गरज नसते. कोरड्या हिवाळ्यात तिला मोकळे राहू द्यावे, अधूनमधून चालवावे.

बालरोगतज्ज्ञाची विनंती

आता जे सांगायचे आहे ते गाडीसाठी नव्हे, मुलांसाठी आहे; आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

खोळ घातलेली गाडी हे मुलांच्या लपाछपीचे आवडते ठिकाण असते. खोळीमुळे आत कोणी आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. जुन्या गाड्यांची दारे जड, खिडक्यांचे दांडे कडक. लहान मुलाला आतून उघडता येतीलच असे नाही. २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मॅक्लॅरेन, नल आणि क्विन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उन्हात उभ्या बंद मोटारीत तासाभरात तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढते, त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते आणि खिडकी किंचित उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळले. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या मानाने कितीतरी वेगाने तापते. म्हणून खोळ घालण्यापूर्वी मागच्या आसनासह आत पाहावे, चारही दारे व डिकी कुलूपबंद करावी, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. घरातील मूल दिसेनासे झाले, तर विहीर आणि पाण्याची टाकी यांच्याबरोबरच उभी मोटारही लगेच पाहावी.

दुसरे डांबराच्या गोळ्यांविषयी. उंदीर-झुरळांना दूर ठेवण्यासाठी गाडीत आणि खोळीच्या घडीत या गोळ्या सर्रास टाकल्या जातात. त्यांतील नॅप्थलीन जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बालकात रक्तपेशींचा झपाट्याने नाश घडवू शकते. आपल्या मध्य भारतातील काही आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, आणि नवजात बालकात ही कावीळ मेंदूपर्यंत पोचण्याचे भय असते. गोळी गिळलीच पाहिजे असे नाही. तिच्या वासात मुरलेले कापड अंगावर घेणेही पुरेसे होऊ शकते. कापूर हा त्याला निर्धोक पर्याय नव्हे. तो गिळल्यास मुलांना झटके येतात. उंदरांसाठी जाळी आणि सापळा, हाच सभ्य उपाय.

तिसरे, खोळीच्या झोळात साचलेले पाणी. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला वाटीभर स्वच्छ पाणी पुरते, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा खोळ काढून झटकून वाळवली की, पत्र्याचे आणि शेजारपाजाऱ्यांचे, दोघांचेही आरोग्य एकाच कामात राखले जाते.

वाचकहो, आच्छादन हे सांभाळण्याचे साधन आहे. सांभाळण्याला पर्याय नाही. चांगली खोळ आपल्याला काही दिवसांची सवड देते, एवढेच. उरलेले काम डोळ्यांनी आणि हातांनीच करावे लागते. आपल्या घरी फियाट असेल, अ‍ॅम्बेसेडर असेल, किंवा वडिलांची जुनी स्कूटर असेल, तर येत्या रविवारी उन्हे वर आल्यावर तिची खोळ उचलून खालच्या कडांवरून एकदा बोट फिरवावे. बोट कोरडे निघाले तर खोळ योग्य आहे. ओले निघाले, तर कापड बदलण्यास अजून वेळ गेलेली नाही.